सेवाभाव आधी की सेवा आधी?





या संकेतस्थळावर माझे काम अनुवादाचे आहे. हिंदीतून आलेले प्रवचन मराठीत आणायचे, ज्येष्ठांकडून तपासून घ्यायचे आणि पाठवून द्यायचे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातल्या मुलाने स्वतःचे विचार म्हणून काही लिहावे, एवढी माझी साधना नाही. तरीही हा लेख लिहितो आहे, कारण आमच्या इंदूरच्या रविवारच्या सत्संगात एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता चार महिने गेले. प्रश्न विचारणारी माझी चुलत बहीण. आमचा सत्संग चालवणारे अण्णा म्हणाले, "तूच लिही. तिने रात्री फोन तुला केला होता, मला नाही."

ती बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. नर्सिंगचे शिक्षण म्हणजे इंजेक्शन द्यायला शिकणे, एवढीच माझी समजूत होती. तिच्याकडून कळले की इंजेक्शनच्या कितीतरी आधी अंथरूण येते. चादर एकही सुरकुती न ठेवता कशी घालायची, रुग्ण पलंगावर असतानाच ती कशी बदलायची, अंग कसे पुसायचे, दात आणि जीभ कशी स्वच्छ करायची, केस कसे विंचरायचे, बेडपॅन कसे द्यायचे आणि कसे काढून घ्यायचे. हे सारे आधी कॉलेजच्या लॅबमध्ये पुतळ्यावर करून घेतात. मॅडम शेजारी उभ्या असतात, एक पायरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या बहिणीची एकही पायरी चुकत नसे. पुतळ्याला लाज नसते, त्याला वास येत नाही आणि तो आपल्या डोळ्यांत पाहत नाही, हे तेव्हा तिच्या लक्षात आले नव्हते.

मग वॉर्डातली पहिली पोस्टिंग लागली. नवा कोरा युनिफॉर्म, खिशात पेन आणि छोटी वही. तिसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला.

"दादा, मी सोडतेय हे."

घडले ते असे. बायकांच्या मेडिसिन वॉर्डात निमाडातल्या एका खेड्यातून आलेली म्हातारी होती. लकव्याने उजवी बाजू गेलेली, बोलणे अडखळत. सकाळी तिचे अंथरूण खराब झाले. बहिणीला आणि तिच्या मैत्रिणीला स्वच्छतेसाठी पाठवले. बहिणीने पांघरूण बाजूला केले आणि पुढच्या क्षणी ती बाथरूमकडे धावली. उलटी झाली. तोंड धुऊन परत आली तोवर मैत्रिणीने आणि आयाबाईंनी सगळे आवरले होते. कोणी तिला रागावले नाही. म्हातारी मात्र डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आपण दर रविवारी म्हणतो ना दादा, जिवात शिव पाहा. मला शिव-बिव काही दिसला नाही. मला फक्त वास आला."

मी तिला काहीतरी सांगितले. सेवा हीच पूजा, निष्काम कर्म, असे बरेच. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "हे तू अनुवाद केलेलं बोलतोयस," आणि फोन ठेवला.

तिच्या फीसाठी धाकट्या काकांनी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले आहे. त्याच्या हप्त्यांचा हिशेब मीच मांडून दिला होता. त्यामुळे 'नको वाटत असेल तर सोड' असे म्हणणे सोपे नव्हते. आणि 'सोडू नकोस' म्हणण्याचे कारण निव्वळ कर्ज असावे, हेही मनाला पटत नव्हते.

रविवारी ती सत्संगाला आली आणि प्रश्नोत्तराच्या वेळी तिने सगळ्यांसमोर विचारले. "ज्याच्या मनात किळस येते त्याने सेवा करावी का? की मी ढोंग करतेय?" काही क्षण कोणी बोलले नाही. मग एक काकू प्रेमाने म्हणाल्या, "मनात नाम घे गं, वास येणारच नाही." काकूंचा भाव खरा होता आणि नामाने बळ येते याबद्दल मलाही शंका नाही. पण नाम घेतल्याने नाक बंद होते, असे मला वाटत नाही. पुढे बहिणीने सांगितले की नर्सचे नाक बंद होऊन चालतही नाही. जखम चिघळते आहे हे पुष्कळदा ड्रेसिंग सोडताना वासावरून आधी कळते. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या आहेत, नोकरीची बरीच वर्षे त्यांनी मध्य प्रदेशात काढली आहेत. त्या मुलींना म्हणतात, वास आला तर तोंड फिरवू नका, काय वास आला ते मला येऊन सांगा.

अण्णांनी त्या दिवशी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी बाबा आमट्यांची गोष्ट सांगितली. आपल्यातल्या अनेकांना ती ठाऊक असेल, पण अण्णांनी ती ज्या ठिकाणी थांबवली तेथे मी ती कधी थांबवली नव्हती.

वरोऱ्याला वकिली करणारे मुरलीधर देवीदास आमटे. सफाई कामगारांचे काम समजून घ्यायचे म्हणून डोक्यावर मैला वाहिलेला माणूस. आपल्याला कशाची भीती नाही, असे त्यांना वाटत असे. एका पावसाळी रात्री घरी येताना रस्त्याकडेला त्यांना चिंध्यांच्या गाठोड्यासारखे काही दिसले. तो तुळशीराम होता, कुष्ठरोगाने हातापायाची बोटे झडलेला, मरणाच्या दारात. त्याला पाहून बाबा घराकडे पळत सुटले.

"इथे थांबू या," अण्णा म्हणाले. "पुढचं आनंदवन आपल्याला माहीत आहे म्हणून हे पळणं आपण विसरतो. ते पळाले. घरी गेले. त्या रात्री कोणी त्यांना विचारलं असतं की तुमच्या मनात सेवाभाव आहे का, तर काय सांगितलं असतं त्यांनी?"

पुढे ते परत गेले. तुळशीरामसाठी आडोसा उभा केला, त्याला भरवले, तो जाईपर्यंत त्याचे केले. पण भीती तेवढ्यावर संपली नाही. आपण घाबरलो, ही गोष्ट त्यांना पुष्कळ दिवस छळत राहिली. मग ते कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत जाऊन कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम शिकले. म्हणजे पळाले, परतले आणि नंतर शिकले. आमच्या पोरीने तरी वेगळे काय केले होते? पळाली, आणि तोंड धुऊन परत आली. शिकणे तेवढे बाकी होते.

घरी परतताना मी मनात एक हिशेब मांडत होतो. आपण असे धरून चालतो की आधी अंतःकरणात भाव भरतो आणि मग तो हातांतून सेवा होऊन वाहतो. भाव नसेल तर सेवा खोटी. आमच्या भाषेत सांगायचे तर आधी भांडवल, मग धंदा. पण हे खरोखर तसेच आहे का?

याचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळाले. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत. वैद्य, औषध, रुग्णाची देखभाल करणारा आणि स्वतः रुग्ण. त्यांतल्या प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. देखभाल करणाऱ्याला तेथे परिचर म्हटले आहे, आपला परिचारिका हा शब्द त्याच कुळातला. त्याचे चार गुण कोणते? उपचारांचे ज्ञान, हाताची कुशलता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. हा क्रम वाचून मी थबकलो. अनुराग तिसरा आहे! आपण प्रवचनात जो पहिला आणि कधी कधी एकटाच सांगतो, तो प्रेमभाव तेथे ज्ञान आणि कौशल्य यांच्यानंतर येतो. श्लोकातला क्रम छंदासाठीही असू शकतो, एवढे मला कळते, त्यामुळे त्यावर फार मोठा मनोरा रचत नाही. पण माझ्या बहिणीच्या बाबतीत तो तंतोतंत खरा ठरला.

कारण दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टरनी तिला बोलावले. रागावल्या नाहीत आणि 'सेवा' हा शब्दही त्यांनी उच्चारला नाही. म्हणाल्या, आज तू माझ्याबरोबर तिला स्पंज देशील.

आधी त्यांनी म्हातारीला सांगितले, माँजी, आता अंग पुसणार आहोत, चालेल ना? म्हातारीने मान हलवेपर्यंत त्या थांबल्या. मग पडदा ओढला, पंखा बंद केला. बादलीतले पाणी आधी स्वतःच्या हाताला लावून पाहिले. अंगावरचे कपडे काढताना वर चादर कायम ठेवली आणि जो भाग पुसायचा तेवढाच उघडा केला, पुसून कोरडा झाला की लगेच झाकला. सुरुवात डोळ्यांपासून. नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला, प्रत्येक डोळ्याला कापडाचा वेगळा कोपरा. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय. मध्ये पाणी बदलले. मग कुशीवर वळवून पाठ. माकडहाड, टाचा, कोपर, खांद्याची हाडे, जेथे हाड कातडीच्या जवळ असते तेथे त्यांनी बहिणीला बोट ठेवून दाखवले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर येथेच कातडी लाल होते, मग फाटते, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. चादरीवरची सुरकुती एवढी महत्त्वाची का, ते बहिणीला त्या क्षणी कळले. लॅबमध्ये त्या सुरकुतीचे गुण कापले जात होते, येथे तिचा व्रण होणार होता.

"आणि वास?" मी विचारले.

"होता. पण मला पुढची पायरी आठवायची होती ना."

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला. मन किळस करत होते तेव्हा हातांना काम ठाऊक होते, आणि हातांच्या मागून मन हळूहळू आले. साधनेतही हेच होते की नाही? बसायची इच्छा झाली की ध्यानाला बसू, असे म्हणणारा कधी बसत नाही. ठरल्या वेळी आसन घालणाऱ्याचे मन आधी दहा दिशांना धावते आणि मग केव्हातरी त्या आसनाला येऊन मिळते. आपण ध्यानात ज्याला अभ्यास म्हणतो, त्याला त्या मुली प्रॅक्टिकल म्हणतात.

आता त्या शब्दाकडे येतो ज्याच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. मध्यंतरी एका प्रवचनाचा अनुवाद करताना 'उपचार' या शब्दाशी मी अडलो. वाक्य पूजेचे होते आणि मराठीत लगेच दवाखाना आठवत होता. आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे. देवाला षोडशोपचार आणि रुग्णाला औषधोपचार. मी शब्द बदलायला निघालो होतो आणि बहिणीने सांगितलेला स्पंज आठवला. पूजेतले उपचार क्रमाने घ्या. आसन, म्हणजे बसायला-निजायला नीट जागा. पाद्य, पाय धुणे. आचमन, तोंडासाठी पाणी. स्नान. वस्त्र. पुढे गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. यांतला पूर्वार्ध ती वॉर्डात रोज करते आहे. चादर, पाय, तोंडाची स्वच्छता, स्पंज, धुतलेला गाऊन. नैवेद्यही करते. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला उंच बसवून, चमच्याचमच्याने, ठसका लागतो का हे पाहत. आपण मूर्तीला स्नान घालतो तेव्हा पाणी फार गार नको, असे आई म्हणते. मूर्तीला गार-गरम कळते का, हे आईला विचारायची माझी हिंमत नाही. म्हातारीला मात्र कळत होते.

श्रीरामकृष्णांनी दक्षिणेश्वरला जिवांवर दया करण्याबद्दल बोलणे निघाले असता दया हा शब्दच बाजूला सारला होता, हे साधकांना ठाऊक आहे. दया करणारे आपण कोण, शिव समजून जिवाची सेवा. ते ऐकणाऱ्यांत तरुण नरेंद्र होते, आणि पुढे 1 मे 1897 रोजी त्यांनी स्थापन केलेल्या रामकृष्ण मिशनच्या कामात त्या बोलण्याचे बीज आहे. मी हे अनेकदा वाचले होते, पण त्यातली व्यवहाराची बाजू आता कळते. दया ही मनात यावी लागते. ती आली नाही की माणूस स्वतःला अपराधी समजतो, जशी माझी बहीण समजत होती. पूजेचे तसे नसते. आज मन लागत नाही म्हणून पुजारी देवाचे स्नान चुकवत नाही. मन लागो न लागो, पाणी कोमट करायचे, वस्त्र कोरडे आहे ना ते पाहायचे. भाव हा त्याच्याकडे मागितलेला पहिला हिशेब नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो, कारण ती मला त्या मुलींकडूनच मिळाली. त्यांच्यातली एक, बऱ्हाणपूरची, मनाने फार भाविक. सुरुवातीला ती प्रत्येक रुग्णाला मनात नमस्कार करून काम सुरू करी. एका बाईने तिला दोनदा पाणी मागितले आणि तिला ऐकूच गेले नाही, ती आपल्या भावात होती. ती स्वतःच हसत सांगते हे. ज्याच्यात शिव पाहायचा त्याला तहान लागली आहे, एवढे तरी आधी दिसायला हवे. आणि दुसरे. वॉर्डात सर्व धर्मांची माणसे असतात. आपल्याला जे नाम गोड वाटते ते दुसऱ्याच्या कानात आपण होऊन घालू नये. शेजारच्या पलंगावरच्या मुस्लिम आजींना त्यांची तसबीह सलाईन लावलेल्या हातात धरता येत नव्हती. त्याच मुलीने ती दुसऱ्या हातात दिली. त्यापेक्षा मोठी पूजा मला तरी माहीत नाही.

आणखी एक गैरसमज. आपल्याकडे काही जणांना वाटते की हातमोजे घालून, मास्क लावून सेवा करणे म्हणजे मनात दुरावा ठेवणे. असे मुळीच नाही. चरकाने चौथा गुण शुचिता सांगितला तो शोभेसाठी नाही. या मुलींना हात धुण्याच्या पाच वेळा पाठ कराव्या लागतात. रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त किंवा मलमूत्राशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. आपण पूजेआधी हात धुतो. त्या पूजेनंतरही धुतात, कारण पुढच्या पलंगावर पुढचा देव आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854 साली क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, तेव्हा तेथे जखमांपेक्षा जास्त सैनिक रोगांनी मरत होते. सगळ्यांना त्यांच्या हातातला दिवा आठवतो, नर्सिंग कॉलेजात दीपप्रज्वलनाचा आणि शपथेचा कार्यक्रमही होतो. मला मात्र त्यांचे तक्ते आवडतात. मृत्यूंची कारणे महिन्यावार मांडून त्यांनी आकृत्या काढल्या आणि त्या सरकारपुढे ठेवल्या. भक्तीला हिशेबाचे वावडे असते, असे मला जेव्हा जेव्हा ऐकवले जाते तेव्हा मी ही बाई आठवतो.

त्या म्हातारीची गोष्ट अपुरी राहिली. बरेच दिवस अंथरुणावर गेल्याने तिच्या केसांच्या जटा झाल्या होत्या, आणि उवा होत्या. तिची सून गावी गुरांपाशी, मुलगा कॉरिडॉरमध्ये झोपे. केसांतील उवांचे औषध लावणे, अंथरुणातच केस धुणे, हेही या मुलींच्या अभ्यासात आहे. बहिणीने आपण होऊन ते काम मागून घेतले. सत्संगात तिने हे सांगितले तेव्हा तिला वाटले होते की बायका नाके मुरडतील. पण अण्णांना एकदम जनाबाई आठवली. आपली संतपरंपरा सांगते की विठ्ठल जनीच्या घरी दळायला बसला, त्याने तिला न्हाऊ घातले, तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तिची वेणी घातली. ज्याच्या पायांसाठी लाखो माणसे चालत जातात त्याच्या हातांना हे काम हलके वाटले नाही. आपण हे कौतुकाने ऐकतो. पण उवांच्या जागी आपण पटकन 'केस विंचरले' म्हणून पुढे सरकतो. मी स्वतः एका अनुवादात तसे केले आहे. ते आता दुरुस्त करून घ्यावे लागेल.

तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी केस मोकळे झाले, तेल लागले, वेणी झाली. म्हातारीने डाव्या हाताने खूण करून आरसा मागितला. वॉर्डात आरसा नव्हता. मैत्रिणीने फोनचा कॅमेरा पुढे धरला. म्हातारीने बराच वेळ पाहिले. बहिणीला वाटले, आता ही रडणार किंवा आशीर्वाद देणार. म्हातारी अडखळत म्हणाली, "माँग टेढ़ी है." भांग वाकडा आहे. पुन्हा काढायला लावला.

मला ही गोष्ट फार आवडते. पहिल्या दिवशी लाजेने भिंतीकडे तोंड फिरवलेली हीच बाई. किळस फक्त आपल्या मनात असते असे आपण समजतो. जिचे अंथरूण खराब झाले आहे तिलाही स्वतःची किळस येत असते, आणि नातीच्या वयाच्या मुलीपुढे ती कोठे लपवावी हे तिला कळत नाही. बहिणीने पाठ फिरवून पळ काढला तेव्हा म्हातारीने ते पाहिले होते. बहीण म्हणते, मला उलटी झाली त्याचे काही नाही, तिने मला पळताना पाहिले त्याचे वाईट वाटते. तिने माफी मागितली का, असे मी विचारले. "मागितली नाही. रोज सकाळी पहिली तिच्याकडे जाते."

सगळ्या गोष्टी अशा संपत नाहीत. बऱ्हाणपूरच्या मुलीच्या वाट्याला पहिल्याच महिन्यात मृत्यू आला. जिला ती सकाळी भरवून गेली होती ती बाई दुपारी गेली. नंतरचे कामही शिकणाऱ्यांना शिकवतात. डोळे मिटणे, हातपाय सरळ करणे, नळ्या काढणे, अंग स्वच्छ करणे, स्वच्छ चादरीत नीट गुंडाळणे. हे करतानाही पडदा ओढलेला असतो आणि सिस्टर त्या बाईंशी आधीसारख्याच हलक्या आवाजात बोलत होत्या. आता हात उचलते हं, असे. मुलगी सत्संगात म्हणाली, "माझी सेवा वाया गेली का?"

त्या वेळी मी भगिनी निवेदितांविषयी वाचलेले सांगितले. 1899 साली कोलकात्यात प्लेगची साथ होती. निवेदिता गल्ल्यांतला कचरा स्वतः झाडत होत्या. डॉ. राधागोविंद कर बागबाजारच्या वस्तीत एका प्लेग झालेल्या मुलाला पाहून आले होते. त्याची आई आधीच गेली होती. वाचण्याची आशा नव्हती, संसर्गाचा धोका होता. डॉक्टर पुन्हा गेले तेव्हा त्या ओलसर झोपडीत निवेदिता त्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांना दिसल्या. मूल त्यांना आई समजत होते. ते वाचले नाही. त्याच्या दोनच वर्षे आधी आपल्या पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि त्यातच त्यांना लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. ही उदाहरणे दिल्यावर मला स्वतःलाच संकोच वाटला, कारण एकोणीस वर्षांच्या रडणाऱ्या मुलीपुढे आपण केवढी माणसे उभी करतो! तेवढ्यात त्या नाम घ्यायला सांगणाऱ्या काकू उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. प्रसादाच्या वाटपापर्यंत तिचा हात हातात धरून बसल्या होत्या. मला वाटते, उत्तर त्यांनी दिले.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे जे वॉर्डात काम करत नाहीत त्यांच्याविषयी. परिचारिकेला आपण देवी म्हणतो, मे महिन्यात 12 तारखेला शुभेच्छाही पाठवतो. आणि तीच मुलगी नात्यात सांगून आली की "नाइट ड्युटी असते ना तिची?" असे विचारतो. हे मी आमच्याच घरात ऐकले आहे. देवी म्हटल्याने तिची झोप भरून निघत नाही. सत्संगाच्या नियमात आम्ही एक छोटा बदल केला आहे. हॉस्टेलच्या मुली रात्रपाळी करून आल्या तर त्यांनी मागच्या खोलीत झोपावे, प्रवचन चुकले तरी चालेल. सुरुवातीला एक-दोघांना ते रुचले नाही. अण्णांनी विचारले, "जी रात्रभर उपचार करून आली तिला पुन्हा पूजेला बसवायचं?"

आणि आपण कधी नातेवाईक म्हणून रुग्णालयात गेलो, तर शिकाऊ मुलगी थर्मामीटर घेऊन आल्यावर "मोठ्या सिस्टरना पाठवा" असे म्हणण्यापूर्वी एक क्षण थांबावे. तिचे हात थरथरत असतील. तिने पुतळ्यावर ते पन्नासदा केलेले आहे आणि माणसावर पहिल्यांदा करते आहे. ज्याच्या अंगावर ती शिकते आहे तो रुग्णही तिला काही देतो आहे. म्हातारीने माझ्या बहिणीला पुन्हा हात लावू दिला, हे तिचे देणे आहे. आमच्या खतावणीत ते कोणत्या बाजूला मांडावे, मला ठरवता आलेले नाही.

म्हातारी घरी गेली. मुलाने तिला पाठीवर घेऊन टेम्पोत बसवले. कूस कशी बदलायची, कोठे कोठे पाहायचे, हे बहिणीने त्याला दोन दिवस शिकवले होते. सुनेला दाखव म्हणून तिने त्याच्या फोनवर स्वतःच्या आवाजात ते भरूनही दिले. निमाडीत बोलायचा प्रयत्न केला, त्यावर तो खूप हसला म्हणे.

या रविवारी बहीण आरतीपर्यंत थांबली नाही, दुपारी दोनची ड्युटी होती. जिन्यावर चपला घालताना मी विचारले, "अजून वास येतो का गं?"

"येतो की," ती म्हणाली. मग दोन प्रसाद कागदात बांधून मागितले. एक मैत्रिणीसाठी, आणि दुसरा त्या आयाबाईंसाठी, ज्यांनी पहिल्या दिवशी तिच्या वाटचे काम केले होते.